लवकर ठेवलेलं नाव

१

तुम्ही त्याला फार लवकर मेलेला ठरवलंत.

तुम्हाला घाई झाली होती. धुकं उतरलं होतं, हेलिकॉप्टरला दुसरीकडे जायचं होतं, रविवारची प्रार्थना जवळ आली होती. एक माणूस जिवंत आहे की नाही हे ठरत नाही तोवर गावात कोणालाच घास गिळवत नव्हता. म्हणून तुम्ही ठरवून टाकलंत. पहिल्यांदा तोंड कोणी उघडलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्याने उघडलं त्याला माहीत आहे. ज्यांनी माना डोलावल्या, त्यांनाही.

मी पिंपापासून सुरुवात करते, कारण मला कळलं ते पिंपामुळे.

आमच्या घरात दारामागे एक निळं प्लास्टिकचं पिंप असतं. गावात प्रत्येक घरात असतं. नळाचं पाणी आहे, पण त्याची कॉफी कोणी पीत नाही. कॉफीला हिमनगाचा बर्फ लागतो. दर दोन-तीन दिवसांनी घरातलं कोणीतरी बोट घेऊन जातं, हिमनगांपासून सुटून तरंगणारे तुकडे पहारीने फोडून आणतं आणि पिंपात टाकतं. मग तो बर्फ दिवसभर वितळत राहतो आणि दिवसभर बोलत राहतो. तडतड, टिक, चुर्र, मध्येच एखादा मोठा फटका. आमच्याकडे पाहुणा आला की दचकतो. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही, इतका तो घराचा झालेला असतो.

तो आवाज हवेचा आहे. हजारो वर्षांपूर्वी आतल्या पठारावर बर्फ पडला, त्यावर आणखी पडला, आणि वजनाखाली दबताना कणाकणांमधली हवा आतच कोंडली गेली. हिमनदीने तो बर्फ वाहत खाडीपर्यंत आणला, हिमनग तुटला, आणि आता आमच्या पिंपात एकेक बुडबुडा फुटून बाहेर येतोय. हे मी राजधानीत, नूकला, कॉलेजात शिकले. माझा भाऊ सालिक हे न शिकता प्यायचा.

"नुका, तुझी पुस्तकातली हवा माझ्या कॉफीत ढेकर देतेय बघ," म्हणायचा, आणि कप माझ्या कानाला लावायचा.

२

तो हिमनग जूनमध्ये खाडीच्या तोंडाशी येऊन थांबला. तिथे पाण्याखाली दगडमातीचा उंच बांध आहे. हिमनदी पूर्वी तिथवर पोचायची तेव्हा तिनेच तो रचून ठेवलाय. मोठे हिमनग त्यावर टेकतात आणि महिनोन्‌महिने अडकून पडतात.

मी अनेक हिमनग मोजलेत. तेच माझं उन्हाळ्याचं काम. टेकडीवर मोजणीची तिपाई लावायची, कोन घ्यायचे, उंची काढायची. असा हिमनग मी पाहिला नव्हता. आमच्या चर्चच्या मनोऱ्यावर मनोरे रचावेत एवढा उंच, आणि दिसत होता त्याच्या कितीतरी पट पाण्याखाली. समुद्राकडची बाजू सरळ तुटलेली, पांढरी, सावलीत दुधाळ हिरवी. गावाकडच्या बाजूला मध्यावर एक रुंद सज्जा होता, आणि त्या सज्ज्याच्या मागे, वरपासून पाण्यापर्यंत, निळीची एक शीर. अशी शीर म्हणजे जुन्या भेगेत भरलेलं पाणी, पुन्हा गोठलेलं. त्यात बुडबुडे नसतात, म्हणून प्रकाश खोलवर जातो आणि फक्त निळा परत येतो. सूर्य तेव्हा मावळत नव्हता. तो हिमनगाभोवती फिरायचा आणि ती शीर चोवीस तास जळत असायची. गावातले लोक घराबाहेर खुर्च्या टाकून तिच्याकडे बघत बसायचे. मीही बसायचे. सुंदर होतं. हे कबूल करताना मला आता चीड येते.

पार्नावहिनीचे दिवस भरत आले होते. बाळ झालं की सगळा गाव कॉफीला येणार, तेव्हा पिंप भरलेलं हवं, म्हणून सालिक सकाळीच निघाला. नारिंगी तरंगणारा सूट, डब्यात सुकी मासोळी, हातात पहार. मी टेकडीवर होते. दुर्बिणीतून मला त्याची बोट सज्ज्याखाली दिसली, इतकी जवळ की मी एकटीच ओरडले, "गाढवा, लांब हो!"

आधी दिसलं, मग ऐकू आलं. समुद्राकडचा कडा खाली गेला. भार एका बाजूचा कमी झाला तसा अख्खा हिमनग झोपेत कूस बदलावी तसा हलला, सज्जा खाली पाण्यापर्यंत आला, थांबला आणि पुन्हा वर गेला. मग आवाज. मग लाट.

बोट सापडली, उलटी. सालिक नाही, सूट नाही, पहार नाही, डबासुद्धा नाही.

"सज्जा पाण्याला टेकला होता," मी सगळ्यांना सांगत होते. "तो चढला असेल. सूट अंगात आहे, डबा आहे, पाणी तर पायाखालीच आहे. वर जाऊन बघा!"

हेलिकॉप्टरने दोन फेऱ्या मारल्या. हिमनगावर उतरत नाहीत, नियम आहे. मग धुकं आलं. धुक्यात दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की शोध थांबवत आहोत.

त्याच दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या.

३

मुलगी झाली. आरोग्य केंद्रातल्या बोलेतेने तिला पुसून माझ्या आईच्या हातात दिलं. आई तीन दिवस एक शब्द बोलली नव्हती. तिने बाळाच्या कपाळाला नाक लावलं, वास घेतला आणि म्हणाली, "आलास? किती उशीर केलास रे."

आमच्यात मेलेल्याचं नाव पुढच्या जन्मलेल्या बाळाला देतात. मुलगा की मुलगी ते बघत नाहीत. नाव आलं की माणूस आला. मग आई त्या बाळाला मुलगा म्हणते, बायको नवरा म्हणते, ज्याच्याशी जे नातं होतं ते चालू राहतं. माझ्या वर्गातली एक मुलगी शिक्षकांची आजी आहे, आणि ते तिला उभं राहून वाट देतात. मला ही पद्धत आवडते. जगात कुठेही दुःखावर एवढी चांगली युक्ती कोणी काढली नसेल. पण तिला एकच अट आहे. माणूस मेलेला असावा लागतो.

"थांबा," मी म्हटलं. "अजून थांबा. प्रेत नाही, काही नाही. दुसरं नाव ठेवा."

"नाव बाहेर थंडीत फिरतंय गं," कोणीतरी म्हणालं. "त्याला घरात घ्यायला नको?"

दोन दिवसांनी कॉफीला सगळा गाव आला. दारात बुटांचा ढीग. टेबलावर केक, माताक म्हणजे व्हेलची कातडी, सुके हॅलिबट मासे. हिमनगापासून सुटलेले ताजे तुकडे किनाऱ्याला आले होते, लोकांनी येताना तेच आणून आमच्या पिंपात टाकले. एकेक जण पाळण्याशी जाऊन बाळाचा हात हातात घेत होता.

"सालिक, माझा ड्रिल कधी परत करणार?" शेजारच्या लार्सने विचारलं. "जाऊन आलास तरी विसरलाच!"

सगळे हसले. वहिनीसुद्धा हसली, पहिल्यांदाच. "आल्या आल्या खायला मागतोय बघा," ती म्हणाली. "तोच आहे. दुसरा कोण असणार?"

"नुका, ये," बोलेतेने मला ओढलं. "तुझ्या दादाला भेट."

"हा माझा दादा नाही," मी म्हटलं. "ही माझी भाची आहे. मी हिला कधीच दादा म्हणणार नाही."

 आईने माझ्याकडे बघितलं नाही. मग कोणीतरी वातावरण हलकं करायला कप उचलला, आणि सगळे एकदम म्हणाले, "सालिक!"

आणि पिंप थांबलं.

बाकीच्यांच्या लक्षात आलं नाही. कपांचा आवाज होता, हसणं पुन्हा सुरू झालं होतं. पण मी मागे सरून दाराशी, पिंपाजवळ उभी होते. ते भरलेलं, तडतडणारं पिंप एका क्षणात बंद झालं. कोणी भिंतीआड बोलत असावं आणि आपलं नाव कानावर पडताच त्याने बोलणं तोडावं, तसं. मग हळूच एक टिक. मग पुन्हा पहिल्यासारखं.

४

मी शिकलेली आहे. माझं डोकं पहिल्यांदा कारण शोधतं.

निळ्या शिरेतला तुकडा असेल, मी म्हटलं. त्यात बुडबुडेच नाहीत, तो बोलणारच नाही. पण तोच तुकडा आधी बोलत होता आणि नंतरही बोलला. मग म्हटलं, एवढी माणसं एकदम ओरडली, जमीन हादरली. मग म्हटलं, योगायोग, आणि मी थकलेय.

दुसऱ्या दिवशी आई आणि वहिनी बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात गेल्या तेव्हा मी पिंपापुढे स्टूल घेऊन बसले. खिडकीतून ऊन थेट झाकणावर पडलं होतं.

"लार्स," मी म्हटलं. तडतड चालू.

"बोलेते. पार्ना. नुका." चालू. चुर्र, टिक, टिक.

मला माझंच हसू आलं. एखाद्या चौकशी अधिकाऱ्यासारखी मी बर्फाची उलटतपासणी घेत होते. मी उठले, खिडकीकडे गेले आणि पाठमोरीच, अगदी सहज, म्हटलं, "सालिक."

शांतता.

आमच्या घरात शांतता नसते, म्हणून ती कशी असते ते मला माहीत नव्हतं. भिंतीतल्या पाइपचा आवाज आला. बाहेर दूरवर एक कुत्रा साखळी ओढत होता, तो आला. माझं रक्त कानात वाजत होतं. पिंपात इतका बर्फ वितळत होता आणि एक बुडबुडा फुटत नव्हता. ती शांतता रिकामी नव्हती. पुढचं काही ऐकायला मिळेल म्हणून कोणीतरी श्वास धरून थांबलं होतं.

मी पुढचं काही बोलले नाही. बाहेर आले आणि लार्सच्या घरात गेले. ड्रिल परत द्यायचं निमित्त होतं. त्याच्या पिंपाशी उभी राहून मी म्हटलं, "हे घ्या, सालिककडे होतं." तिथेही तेच.

"पोरी, अशी पांढरी का पडलीस?" लार्सने विचारलं. "कॉफी घे."

मी घेतली नाही. त्यानंतर मी त्या बर्फाची कॉफी प्यायलेच नाही.

५

बाळ रडत नव्हतं. सगळे म्हणत होते, किती गुणी. त्याचे हात गार असायचे. स्टोव्ह पेटलेला, आई घामाघूम, बाळ लोकरीत गुंडाळलेलं, आणि हात मात्र आत्ताच बाहेरून आल्यासारखे. चौथ्या दिवशी मी हातमोजे काढून बघितलं तर उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी झाली होती.

बोलेते आली. तिने बोटं चोळली, तोंडाने फुंकर घातली. "होतं कधी कधी. रक्त पोचत नाही नीट. झाकून ठेवा."

"बोलेते, ही हिमदंशाची बोटं आहेत."

"घरात? स्टोव्हशेजारी?" ती हसली. "तुला कॉलेजात हेच शिकवलं का गं?"

आई बाळाला मांडीवर घेऊन डोलत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आई, ऐक. तो मेलेला नाही. तो तिथे आहे. सज्ज्यावर आहे आणि त्याला थंडी वाजतेय. त्याचं नाव इथे आणलंय तुम्ही, म्हणून त्याची थंडी इथे येतेय."

"लहानपणीही याचे हात असेच असायचे," आई म्हणाली. "तू तेव्हा नव्हतीस."

"आई, नाव बदल हिचं. एवढंच कर. आजारी मुलाचं नाव बदलतातच की. माझ्यासाठी कर."

तिने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत मला ओळख दिसली नाही.

"माझा मुलगा माझ्या मांडीवर आहे," ती म्हणाली. "त्याला उचलून परत बर्फावर टाकू म्हणतेस? तुझ्या मापांसाठी?"

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती झोपलेली नव्हती. 

६

मी शोधवाल्यांना फोन केला. दुकानाच्या मागे सिग्नल चांगला येतो, तिथे मासळीच्या खोक्यांवर बसून. फोनवरचा माणूस फार सभ्य होता. सभ्य माणसांचा मला आता तिटकारा आला आहे.

"पाणी दोन अंशांवर होतं," तो म्हणाला. "मला तुमच्या दुःखाची कल्पना आहे."

"तो पाण्यात नाही. हिमनगावर आहे. तुम्ही वर बघितलंच नाही."

"दोनदा बघितलं. आता पुन्हा पाठवायचं तर काही नवीन कारण लागेल. कोणी पाहिलंय त्याला?"

मी काय सांगणार होते? की आमचं पिंप ऐकतंय?

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुमच्या घरी बाळ झालं असं कळलं. नाव काय ठेवलं?"

मी खोक्यावरचे खवले नखाने खरवडत राहिले.

"मी तिकडे बरीच वर्षं काढलीत. जिवंत माणसाचं नाव तुम्ही बाळाला देत नाही, एवढं मला ठाऊक आहे. घरच्यांनीच मानलंय, तर मी कसं न मानू?"

मी फोन खोक्यावर आपटला. शोध थांबला म्हणून गावाने नाव ठेवलं. नाव ठेवलं म्हणून शोधवाल्यांनी शोध थांबलेलाच राहू दिला. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं आणि दुसऱ्याने पहिल्याकडे, आणि त्या दोन बोटांच्या मधल्या फटीत माझा भाऊ उभा. सगळं कसं व्यवस्थित. कोणाचीच चूक नाही.

समोर पाण्यापलीकडे हिमनग झगमगत होता. निळी शीर आता रुंद दिसत होती. मी मोजली नाही. मला मोजायचा वीट आला होता.

७

पाव्हियामामा म्हणजे आईचा भाऊ. हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी हाकतो, उन्हाळ्यात मासे धरतो, आणि कोणाच्या भांडणात पडत नाही. तरुणपणी एकदा वादळात अडकला तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना टोकं नाहीत. तो बाळाला बघायला आला. त्याने बाळाचा हात हातात घेतला आणि ती पांढरी टोकं बघत राहिला. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग बाळाचा हात लोकरीत परत सारला.

"नुका," तो बाहेर येऊन म्हणाला, "कपडे घाल. बोट काढतो."

"हिमनगाजवळ?"

"जवळ म्हणजे माझ्या जवळ. तुझ्या नव्हे. मी म्हणेन तिथे थांबायचं."

भर दुपार होती, जेवणाची वेळ. पाणी काचेसारखं सपाट. गाव मागे राहिलं, घरं रंगीत ठिपके झाली, मग तेही दिसेनासे झाले. पुढे हिमनग वाढत गेला. जवळ गेलं की हिमनगाचा गारवा एका रेषेपासून सुरू होतो. ती रेषा आम्ही ओलांडली आणि माझे दात वाजायला लागले.

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या भोवती पाणी बर्फाच्या चुऱ्याने भरलं होतं. असा चुरा पाण्यात असताना कढईत काहीतरी तळल्यासारखा आवाज येतो, कान किटतात. इथे काही नव्हतं. वल्ह्याने एक तुकडा बोटीत घेतला, हातात धरला. वितळत होता. गप्प.

"मामा, ऐकलंस?"

"काय?"

"काहीच ऐकू येत नाही, तेच."

मामाने मोटर बंद केली. त्याचा चेहरा घट्ट झाला होता.

सज्जा आमच्या डोक्याच्या वर, तिरका, उन्हात. त्यामागे निळी शीर. इतक्या जवळून ती शीर वाटत नव्हती. दार वाटत होती, किंचित उघडं. तिचा निळा रंग आत जाऊन संपत नव्हता. आणि तिथून, त्या निळ्यातून, एक आवाज येत होता. ठक. थांबून, ठक. पहारीने बर्फ फोडतात तसा.

सज्ज्याच्या टोकाशी काहीतरी नारिंगी होतं.

मी आता फक्त पाहिलं तेवढंच लिहिते. नारिंगी, माणसाच्या उंचीचं, आमच्याकडे पाठ. वाकत होतं आणि सरळ होत होतं. वाकलं की ठक. बर्फ फोडत होतं आणि फोडलेला तुकडा उचलून मागे ठेवत होतं, पिंपात टाकावा तसा. मागे पिंप नव्हतं. तुकडे घरंगळत खाली येऊन पाण्यात पडत होते. ते पडल्याचा आवाज येत नव्हता. तेच तुकडे वाहत गावाकडे येत असणार.

"सालिक!" मी ओरडले.

ते थांबलं नाही.

"सालिक! मी आहे! नुका!"

ठक. ठक.

हाक त्याच्यापर्यंत पोचत होती. त्यात शंका नाही. हिमनगाच्या भिंतीवरून ती मला स्पष्ट परत ऐकू येत होती. पण ती हाक त्याची नव्हती. बाजारात दुसऱ्याच कोणाला हाक मारली तर आपण काम थांबवतो का? मामाने हाताचा भोंगा करून हाक मारली. त्याच्या आवाजाला गावातले कुत्रे उठून बसतात. काही नाही.

माझ्या तोंडून मग आपोआप निघालं. ठरवून नव्हे. "दादा!" मी ओरडले, लहानपणी ओरडायचे तशी, घसा फाटेपर्यंत. "दादा! ए दादा!"

ठक बंद झालं.

ते सावकाश सरळ झालं. आणि त्याने डावीकडे बघितलं. मग उजवीकडे बघितलं. कोणाला बोलावताहेत ते बघावं, तसं. जवळपास दुसरं कोणी आहे का ते शोधावं, तसं. डोकं वळताना मला चेहऱ्याची बाजू दिसली. चेहरा दिसला असं मी म्हणणार नाही. चेहऱ्याची जागा दिसली. ती पांढरी होती. कोणाची होती ते तिच्यावर लिहिलेलं नव्हतं.

कोणी सापडलं नाही तसं ते पुन्हा वाकलं.

हिमनग पोटातून कण्हला. उधाणाची भरती होती. बांधावर टेकलेला तो डोंगर उचलला जात होता, आणि सज्जा आमच्यावरून हळूहळू वळायला लागला. मामाने मोटरची दोरी ओढली. मी त्याचा हात धरला, चावले, काय केलं आठवत नाही. त्याने मला बोटीच्या तळाशी दाबून धरलं आणि एका हाताने बोट वळवली. मी मागे बघितलं तेव्हा हिमनग बांधावरून सुटला होता, त्याची पांढरी पाठ आमच्याकडे होती, आणि तो उघड्या समुद्राकडे निघाला होता. खूप वेळ, अगदी तो लहान होईपर्यंत, ठक ऐकू येत होतं.

८

"मामा, तुला दिसलं ना?"

धक्का जवळ आला होता.

"नारिंगी काहीतरी होतं," तो म्हणाला. "जाळ्याचा बोया असेल. लाटेने वर फेकला असेल."

"बोया बर्फ फोडतो?"

त्याने दोरी खांबाला बांधली, गाठ सोडली, पुन्हा बांधली.  "बोलू नकोस घरी," तो म्हणाला. "तुझ्या आईला एकदाच मुलगा परत मिळालाय."

मी बोलणारच होते. सगळ्यांसमोर बोलणार होते.  हिचं नाव आत्ताच्या आत्ता काढा, म्हणजे त्याला त्याचं नाव मिळेल, म्हणजे त्याला हाक ऐकू येईल, म्हणजे तो उतरेल. अजून हिमनग दिसतोय, अजून एक वेगवान बोट पोचेल. वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. मी दार ढकललं.

पिंप तडतडत होतं, मजेत. घरात गरम दुधाचा वास होता. वहिनी उठून बसली होती आणि केस विंचरत होती. आई गुणगुणत होती. बाळ तिच्या मांडीवर जागं होतं, गाल लाल झालेले. मी पुढे होऊन त्याचा हात धरला. गरम. बोटांची टोकं गुलाबी. त्याने माझं बोट घट्ट पकडलं, मोठ्या माणसाच्या पकडीसारखं, आणि थेट माझ्याकडे बघितलं, आत्ताच कुठूनतरी ओरडत आलेल्या धाकट्या बहिणीकडे बघावं तसं.

बोलेते बाळाचा टब पुसत होती. माझा अवतार बघून ती हसली आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

"काय गं, धक्क्यावर उभी राहून कशाला ओरडत होतीस मघाशी, जेवणाच्या वेळी? आंघोळ घालत होते मी. तू 'दादा' म्हणायला आणि बाळाने ओ द्यायला एकच गाठ पडली, आणि ओ अशी खणखणीत की टब माझ्या हातातून सुटला! आणि तू तर म्हणत होतीस, हिला मी कधीच दादा म्हणणार नाही."